कुटुंब न्यायालय आणि वकील

विद्यार्थी मित्रांनो, पुढील शब्द वाचा : वकील, अर्ज, दावा, मुद्दत, तारीख, कैफियत, हुकूमनामा. हे शब्द मराठी की उर्दू? दोन्ही भाषांत ते आहेत. शेकडो वर्षांपूर्वी कचेरीच्या कामकाजाबरोबर ते मराठीत आले आणि इथलेच झाले. म्हणून न्यायालयाचा मराठी कागद तुम्हांला वाटतो तितका परका नाही. घरी असा कागद आला, तर तो वाचून दाखवण्याचे काम अनेकदा तुमच्यावरच येते. अशा वेळी घाबरून चालत नाही. काय करायचे ते माहीत असावे लागते.

पती-पत्नीचे वाद, तलाक, पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न घरातले असतात. चोरी-मारामारीच्या खटल्यांसारखे ते चालवू नयेत, या विचाराने 1984 मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. मुंबईत हे न्यायालय 1989 मध्ये सुरू झाले. ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अंधेरी-बोरिवलीचे लोक वांद्रे स्थानकावर उतरतात, तर मुलुंड-घाटकोपरचे लोक कुर्ल्याला उतरून पुढे जातात. तेथे सर्व धर्मांच्या लोकांचे दावे चालतात. ज्याचा त्याचा व्यक्तिगत कायदा लक्षात घेऊन न्यायाधीश निकाल देतात.

या न्यायालयाची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. पहिले म्हणजे समेट. शक्य असेल तेथे आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी तेथे समुपदेशक असतात. ते दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतात. ही कल्पना आपल्याला नवी नाही. पती-पत्नीत बेबनावाची भीती वाटली, तर दोन्ही घराण्यांतून एकेक मध्यस्थ नेमा, असे कुराण शरीफमध्ये सांगितलेलेच आहे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे, येथे वकील हवाच असे नाही. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. उलट, वकील द्यायचा असेल तर न्यायालयाची परवानगी मागावी लागते. प्रत्यक्षात अशी परवानगी पुष्कळदा मिळते.

मग वकील केव्हा करावा? एक उदाहरण घेऊ.

समजा, तुमच्या शेजारी एक खाला राहतात. त्यांना दोन लहान मुले आहेत. पतीने घरखर्च देणे बंद केले आहे. खालांनी पोटगीसाठी अर्ज केला. तेव्हा पतीने लेखी कैफियत दिली, "मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे." खाला म्हणतात, "मला तर कोणी काहीच सांगितले नाही! आता माझा हक्क संपला का?"

नाही, संपला नाही. 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठापुढे असाच प्रश्न आला होता. केवळ कैफियतीत लिहिले म्हणून तलाक झाला असे होत नाही; तो कोणत्या कारणाने, समेटाचा कोणता प्रयत्न करून दिला, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही असाच निर्णय दिला. पुढे 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की तलाक झालेली मुस्लिम स्त्रीसुद्धा इतर स्त्रियांप्रमाणे सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागू शकते. पत्नीलाही न्यायालयाकडे तलाक मागता येतो. पतीने दोन वर्षे खर्च दिला नाही किंवा चार वर्षे त्याचा पत्ता नाही, ही कारणे 1939 च्या कायद्यात दिलेली आहेत.

आता पाहा. पोटगीचा अर्ज खाला स्वतः करू शकत होत्या. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि खर्चाचा हिशेब एवढे घेऊन जाणे त्यांना शक्य होते. समुपदेशकांशीही त्या स्वतःच बोलल्या असत्या. परंतु समोरून तलाकचा दावा आल्यावर पुरावा, साक्ष आणि उलटतपासणी यांचा प्रश्न उभा राहिला. येथे वकिलाची गरज लागते.

पुढील प्रसंगी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा :

1. न्यायालयाची नोटीस आली असता. दिलेल्या तारखेला कोणी हजर राहिले नाही, तर एकतर्फी निकाल लागू शकतो. नोटीस पेटीत ठेवून देणे सर्वांत धोक्याचे.

2. निकाह, तलाक, मुलांचा ताबा किंवा राहते घर याविषयी वाद असता.

3. समझोत्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी. "मेहर माफ केला" असे एक वाक्य त्यात असू शकते. दोघांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही. म्हणून वकील सहीच्या आधी गाठावा. सहीनंतर वकीलही फारसे काही करू शकत नाही.

4. निकाल विरुद्ध गेला असता. उच्च न्यायालयात अपील करण्यास 30 दिवसांचीच मुदत असते.

मारहाण होत असेल, तर मात्र वकिलाची वाट पाहू नये. प्रथम 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे. नंतर कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अशी न्यायालये अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड येथे आहेत.

खाला विचारतील, "बेटा, वकिलाला द्यायला पैसे कोठून आणू?" या एका प्रश्नापाशी कित्येक स्त्रिया थांबतात आणि आपला हक्क सोडून देतात. त्यांना सांगा, की 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही खैरात नव्हे, हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

फी देऊन वकील करायचा असेल, तर त्यांच्याजवळ बार कौन्सिलची सनद आहे ना, हे पाहावे. फी किती, कोणत्या कामाची, हे आधी ठरवून पावती घ्यावी. वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये. मूळ निकाहनामा आपल्याजवळ ठेवून वकिलांना प्रत द्यावी. प्रत्येक तारीख वहीत लिहून ठेवावी.

मित्रांनो, मुस्लिम कायद्यात निकाह हा एक करार मानला जातो. मेहर किती ठरला, त्यातला किती दिला आणि किती बाकी आहे, साक्षीदार कोण, हे सारे निकाहनाम्यात लिहिलेले असते. तरीही अनेक घरांत तो एकदा सही करून ठेवला, की पुन्हा उघडला जात नाही. आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना विचारून तो एकदा वाचा. त्यातला न समजलेला शब्द वहीत लिहून उद्या वर्गात आणा. आपला कागद आपल्याला वाचता आला, की वकिलाला काय विचारायचे हेही कळते.

शब्दार्थ
पोटगी – निर्वाहासाठी द्यायची रक्कम, नान-नफका ('पोट' या शब्दावरून)
समेट – सुलह
समुपदेशक – सल्ला देऊन मार्ग दाखवणारी व्यक्ती
लेखी कैफियत – दाव्याला दिलेले लेखी उत्तर
उलटतपासणी – साक्षीदाराला विरुद्ध बाजूने विचारलेले प्रश्न
एकतर्फी – एकाच बाजूचे ऐकून केलेले

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईचे कुटुंब न्यायालय कोठे आहे?
(आ) कुटुंब न्यायालयाच्या निकालावर अपील करण्यास किती दिवसांची मुदत असते?
2. कारणे लिहा.
(अ) नोटीस पेटीत ठेवून देणे धोक्याचे असते.
(आ) समझोत्यावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.
3. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधा व वाक्यांत उपयोग करा.
4. शेजारच्या खालांसाठी मोफत वकील मिळावा, म्हणून विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज लिहा.