आफ्रिकन व्हायोलेटची कुंडीतील जोपासना

आफ्रिकन व्हायोलेट हे खिडकीत वाढणारे लहानसे फुलझाड होय. शहराजवळील रोपवाटिकाधारकांस त्याचा जोडधंदा करता येतो. मात्र निगा न समजल्यास रोपे थोड्याच दिवसांत मरतात व भांडवल वाया जाते. म्हणून या झाडाचा स्वभाव प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ स्थान

टांझानिया व केनिया हे या झाडाचे माहेर. सन १८९३ मध्ये हेर्मान व्हेंडलांड या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यास सेंटपॉलिया हे नाव दिले. खऱ्या व्हायोलेटशी त्याचे नाते नाही. उसांबारा पर्वतातील जंगलात, सावलीतील शेवाळलेल्या कातळांच्या खाचांत ते वाढते. तेथे माती थोडी, हवा दमट व पाणी वाहून जाणारे असते. घरातील निगेचे सर्व नियम यातूनच निघतात.

प्रकाश व उष्णता

पूर्वेकडील खिडकी उत्तम. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. प्रकाश अपुरा पडल्यास देठ लांबतात व फुले येत नाहीत. झाड एका बाजूस झुकू नये म्हणून कुंडी दर आठवड्यास थोडी फिरवावी. १८ ते २६ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. देशावर एप्रिल-मे महिन्यांत कुंडी घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. ताटलीत खडे व पाणी घालून त्यावर कुंडी ठेवल्यास भोवतालची हवा दमट राहते. मात्र कुंडीचा तळ पाण्यास टेकू देऊ नये. कोकणात पावसाळ्यात हवा खेळती राहील असे पाहावे.

कुंडी व मिश्रण

कुंडीची रुंदी झाडाच्या घेराच्या एक-तृतीयांश असावी. मोठ्या कुंडीत ओल साचून मुळे कुजतात. नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग व जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे. भुसा आधी दोन-तीन वेळा धुवून त्यातील क्षार काढावेत. काळी माती वापरू नये.

पाणी व खत

बहुतेक झाडे तहानेने नव्हे, तर जादा पाण्याने मरतात. मिश्रणाचा वरचा थर बोटास कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या ताटलीत ठेवून नंतर निथळावी. थंड पाणी पानांवर पडल्यास डाग पडतात. माती ओली असूनही झाड कोमेजले, तर मुळे कुजली असे समजावे. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे झाड गमावणे होय. निरोगी पान काढून नवे रोप करावे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत दर लिटर पाण्यास पाव ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी द्यावे.

अभिवृद्धी

मधल्या वर्तुळातील सशक्त पान घेऊन त्याचा देठ सुमारे तीन सें.मी. ठेवावा व तिरपा काप द्यावा. देठ ओलसर मिश्रणात खोचून सावलीत ठेवावा. तीन ते चार आठवड्यांत मुळ्या फुटतात व दोन ते तीन महिन्यांत बुडाशी पिले दिसू लागतात. ती हाताळण्याजोगी झाल्यावर वेगळी करावीत.

कीड व रोग

पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसून काढावा. पानांवर भुरी आल्यास रोगट पाने काढून हवा खेळती ठेवावी. शेंड्याकडील पाने आखडून राठ झाल्यास कोळ्यांचा उपद्रव ओळखून ते झाड त्वरित दूर करावे. नवी रोपे तीन-चार आठवडे निराळी ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी इच्छुकांस प्रथम पाच-सहा कुंड्यांवरच अनुभव घेण्यास सांगावे. एक उन्हाळा व एक पावसाळा रोपे सुखरूप निघाल्यावरच विक्रीसाठी संख्या वाढवावी. तोपर्यंत त्यासाठी कर्ज काढू नये.