रणगाड्यावरची ताडपत्री

खोक्यातून निघालेला १/३५ स्केलचा रणगाडा कितीही नीट जोडला, रंगवला, तरी आधी निर्मनुष्यच वाटतो. त्यात माणसं राहतात हे कळतं ते बाहेर बांधलेल्या कापडावरून. ताडपत्री, वळकट्या, होल्डॉल, जाळी, तोफेच्या मुळाशी चढवलेलं कॅनव्हासचं आच्छादन. मी मुख्यतः १९६५ च्या युद्धातले भारतीय रणगाडे करतो आणि माझा सगळ्यात जास्त वेळ या कापडावर जातो. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी इथे लिहितो.

१. आधी माणसं मोजावीत.
या युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे शर्मन रणगाडे होते, ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन आणि ८ कॅव्हलरीकडे एएमएक्स-१३. शर्मनमध्ये पाच जण, सेंच्युरियनमध्ये चार, एएमएक्समध्ये तीन. पाच जणांच्या बिऱ्हाडाचं सामान आणि तिघांचं सामान सारखं दिसून कसं चालेल? वळकट्या किती, हे इथेच ठरतं. मग जागा ठरवावी. टरेट फिरला पाहिजे, हॅच उघडली पाहिजे, इंजिनाला हवा देणाऱ्या जाळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. एवढं पाळलं की सामान रचायला उरते ती जागा थोडीच असते, आणि खरे जवानही त्याच जागेत सामान बांधत असत.

२. कारणाशिवाय एकही चुणी पडत नाही.
मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. कापड स्वतःहून काहीच करत नाही. त्याला कुणीतरी धरलेलं असतं, कुणीतरी ओढत असतं आणि उरलेलं काम वजन करतं. एका खुंटीवर अडकवलेल्या कापडाच्या चुण्या त्या खुंटीपासून खाली पसरत जातात. दोन ठिकाणी धरलं की मधे झोळ पडतो आणि घड्या एकीखाली एक, अर्धगोल होत उतरतात. पत्र्याच्या कडेवरून सुटलेलं कापड सरळ उभ्या नळ्यांसारखं पडतं. वळकटीवर दोरी आवळली की दोरीच्या दोन्ही बाजूंना तिला काटकोनात आखूड, खोल चुण्या उठतात, आणि दोन दोऱ्यांच्या मधला भाग फुगतो.

म्हणून ज्या पुट्टीतून कापड घडवायचं तिला हात लावण्याआधी मी कागदावर रणगाड्याची ती बाजू काढतो आणि कापड कुठे धरलंय, कुठे टेकलंय, कुठे मोकळं आहे याच्या खुणा करतो. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत ताण कसा जातो ते पेन्सिलीने ओढलं की बहुतेक घड्या आपोआप ठरतात. अंदाजाने, दिसायला छान म्हणून घातलेली सुरकुती तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही खटकते. त्याला कारण सांगता येत नाही, पण जन्मभर त्याने कापडच अंगावर घातलेलं असतं.

३. खरं कापड वापरण्याचा मोह टाळावा.
रुमालाचा तुकडा कापून घातला तर तो खरा दिसेल, असं वाटतं. दिसत नाही. जाडीचा हिशोब करून पाहा. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. ३५ ने गुणलं की साडेतीन मिलिमीटर होतात. एवढी जाड ताडपत्री कुठलं सैन्य वापरेल? कापड तर कागदापेक्षाही जाड, शिवाय त्याची वीण डोळ्याला दिसते.

दुसरी अडचण वजनाची. जाडी अगदी तंतोतंत ३५ पटींनी कमी केली, तरी ते कापड आकाराच्या मानाने मूळ कापडासारखं लवत नाही. वजन जाडीच्या प्रमाणात घटतं, ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, आणि लांबीही घटल्यामुळे शेवटी हिशोब असा निघतो की घड्या हव्यात त्याच्या सुमारे तिप्पट मोठ्या पडतात. गुरुत्वाकर्षण काही स्केलप्रमाणे बदलत नाही. तेव्हा या आकारात कापड पडू देऊन भागत नाही, ते घडवावं लागतं.

४. पुट्टी लाटावी, पण कडेकडे लक्ष ठेवावं.
दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सारखी मळायची, टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गुळगुळीत बाटलीने पापडासारखी पातळ लाटायची. मिलिपुट कडक व्हायला साधारण तीन-चार तास घेते आणि पाण्याने गुळगुळीत होते, म्हणून मोठ्या ताडपत्रीला ती बरी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील लवकर आवळतं. एखाद्या लहान गाठोड्याला ते चालतं, पण घड्यांवर विचार करायला वेळ देत नाही. लाटल्यावर लगेच बसवू नये. थोडं थांबून, बोटाला चिकटेनाशी झाली की उचलावी. मग ओल्या ब्रशच्या दांडीने आधी मोठे झोळ, नंतर घड्या, शेवटी बारीक चुण्या.

पुट्टी कितीही लाटली तरी स्केलच्या मानाने जाडच राहते, पण त्याने फारसं बिघडत नाही. डोळा जाडी मोजतो ती फक्त कडेवर. कड ओल्या ब्रशने दाबून धारेसारखी पातळ केली की आतली जाडी कुणाला दिसत नाही.

५. लोंबणाऱ्या भागाला टिश्यू.
नुसत्या टाकलेल्या, अर्धवट सुटलेल्या ताडपत्रीला टिश्यू पेपरचा एकच पदर आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल. ओला टिश्यू फाटतो, म्हणून आधी कोरडा ठेवायचा आणि वरून ब्रशने थेंब सोडायचे. जाळीसाठी औषधांच्या दुकानातलं गॉज. दीड मिलिमीटरचं भोक ३५ पटीत पाच सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणजे नेमकं हवं तेवढं.

६. तोफ वर की खाली?
सेंच्युरियनच्या तोफेच्या मुळाशी कॅनव्हासचं आच्छादन असतं. एएमएक्स-१३ चा टरेट दोन भागांचा, वरचा भाग तोफेसकट वरखाली होतो, आणि दोन भागांमधली फट कापडी भात्याने झाकलेली असते. तोफ उचलली की सेंच्युरियनच्या आच्छादनाचा वरचा भाग चुरगळतो आणि खालचा ताणला जातो. तोफ झुकवली की उलट. किटमधलं आच्छादन तोफेच्या एकाच स्थितीला जुळणारं असतं, त्यामुळे तोफेचा कोन बदलला की मी ते घासून काढतो आणि पुट्टीने नवं करतो. मॉडेलमधली ही अगदी लहान जागा, पण जाणकार आधी तिथेच पाहतात.

७. पाहायला जावं, पण काय पाहायचं ते ठरवून.
अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, जे १९९४ मध्ये सुरू झालं, सेंच्युरियनपासून पॅटनपर्यंत खरे रणगाडे जवळून दिसतात. कड्या, हूक, पेट्यांच्या जागा तिथे पाहून घ्याव्यात, कारण दोरी शेवटी त्यांनाच बांधलेली असणार. कापड पाहायला मात्र मी रस्त्यावर जातो. पावसाळ्यात लासलगावच्या बाजूने येणारे कांद्याचे ट्रक पाहा. गोण्यांच्या मधे ताडपत्री कशी बसते, त्या खळग्यात पाणी साचून ती किती खाली ओढली जाते, दोरी कशी रुतते. फक्त आजच्या निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या घड्या टोकदार पडतात. १९६५ चं सुती कॅनव्हास जड, गोलाईने वळणारं. त्यासाठी लष्करी ट्रकवरचा हूड पाहावा.

८. रंग लोखंडाचा नको.
सगळं ऑलिव्ह ग्रीनच, पण पोलाद आणि सुती कापड उन्हात एकसारखे विटत नाहीत. प्रत्येक तुकड्याला थोडी वेगळी छटा द्यावी, वरची बाजू फिकट करावी, आणि सगळ्यावर पूर्ण मॅट वार्निश द्यावं. कापडावर कोरडा ब्रश घासण्याच्या मी विरोधात आहे, त्याने कडा खडूसारख्या पांढऱ्या पडतात. पातळ रंगाचे थर एकावर एक द्यावेत. असल उत्तरला शेतांत पाणी सोडलेलं होतं. तिथला रणगाडा करत असाल तर लोंबणाऱ्या कापडाचं खालचं टोक ओलं, गडद आणि चिखलाने माखलेलं हवं.

९. दोरी.
जो नियम कापडाला तोच दोरीला. सुती दोरा या आकारात लोंबत नाही, हवेतच ताठ उभा राहतो. जुन्या इअरफोनच्या वायरीतली तांब्याची तार घ्यावी, दोन-तीन तंतूंचा पीळ द्यावा आणि झोळ हाताने घालावा. गाठीच्या पुढे थोडं टोक सोडावं. घाईत बांधणारा जवान उरलेली दोरी कापत बसत नाही.