पुसण्याआधी मोजा

मॉन्गोडीबीला ‘सगळं पुसू का?’ असं उलट विचारायची सवय नाही. डिलीट-मेनीला अट दिली तर अटीत बसणाऱ्या नोंदी जातात. अट रिकामी दिली तर कलेक्शनमधल्या सगळ्या जातात. दोन्ही वेळा उत्तर त्याच थंडपणे येतं : काम झालं, इतक्या नोंदी काढल्या. हे नवख्यालाही माहीत असतं. तरीही नोडमध्ये काम करणाऱ्या मुरलेल्या टीममध्ये हा अपघात होतो, कारण रिकामी अट कोणी हाताने लिहीत नाही. ती वाटेत रिकामी होते. कशी होते, ते एका प्रकल्पात मी जवळून पाहिलं.

प्रकल्प गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभाराचा होता. सोसायट्या अनेक, डेटाबेस एकच. गेटवरच्या वॉचमनने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की ती कोणत्या फ्लॅटची आहे ते दिसायचं. भाडेकरू घर सोडून गेला की सेक्रेटरी एक बटण दाबायचे आणि त्या फ्लॅटच्या गाड्यांच्या नोंदी निघून जायच्या. त्या बटणामागे मॉन्गूस लायब्ररीचं डिलीट-मेनी होतं आणि अट एकच होती : फ्लॅट अमुक.

पुढे स्कीमाची साफसफाई करताना ‘फ्लॅट’ या फील्डचं नाव ‘फ्लॅट-आयडी’ झालं. जुना डेटा नव्या नावावर आणला, शोधाच्या क्वेऱ्या बदलल्या. भाडेकरू जातानाचं फंक्शन मात्र वेगळ्याच फोल्डरमध्ये होतं. ते जुन्या नावासकट तसंच राहिलं.

आता कोणालाही वाटेल, नसलेल्या फील्डवर अट लावली तर काही सापडणार नाही, म्हणजे काही पुसलंही जाणार नाही. मॉन्गोडीबीचा स्वतःचा ड्रायव्हर तसाच वागतो. पण मॉन्गूसमध्ये स्ट्रिक्ट-क्वेरी नावाची एक सेटिंग आहे. ती चालू असेल तर स्कीमात नसलेलं फील्ड अटीतून गुपचूप गाळलं जातं. अटीत एकच फील्ड असेल आणि तेच गाळलं, तर मागे नुसता मोकळा कंस उरतो. मॉन्गूसच्या ६ व्या आवृत्तीत ही सेटिंग मुळातच चालू होती, ७ व्यापासून ती पुन्हा बंद झाली. या बदलाची आगाऊ सूचना ६ च्या नंतरच्या आवृत्त्यांत सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये यायची. सूचना नको असेल तर सेटिंग चालू किंवा बंद असं स्पष्ट लिहा, हेही तिच्यातच सांगितलेलं असायचं. या प्रकल्पात कोणीतरी कधीकाळी ‘चालू’ची ओळ टाकून तिला गप्प केलं होतं. ७ वर गेल्यावरही ती ओळ जागच्या जागी होती.

टेस्टमध्ये हे सापडलं नाही, कारण टेस्टच्या डेटाबेसमध्ये एक सोसायटी, एक फ्लॅट आणि एक गाडी होती. गाडी गेली, टेस्ट पास झाली. एकातली एक गेली काय आणि सगळ्या गेल्या काय, तिथे फरक कळायला जागाच नव्हती.

फरक कळला गेटवर. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या गाड्या अडायला लागल्या. एक सेक्रेटरी फोनवर म्हणाले, “अहो मॅडम, आमचाच वॉचमन मला विचारतोय, कोणाकडे जायचंय म्हणून!” सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती. असणार कुठून? सांगितलेलं काम बिनचूक पार पडलं होतं. किती नोंदी काढल्या तो आकडा डेटाबेसने प्रामाणिकपणे परत दिला होता. कोडने तो वाचलाच नाही आणि ‘यशस्वी’ असं हिरवं पाटुकलं दाखवून दिलं.

गेलेलं परत आणताना

पहिला प्रश्न आला : “रेप्लिका सेट आहे ना? मग दुसऱ्या सर्व्हरवर असेल की!” नसतं. रेप्लिका हा बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर पुसलेलं क्षणार्धात बाकीच्यांवरही पुसलं जातं. ऑपलॉगमध्ये डिलीटची नोंद राहते, पण तिच्यात पुसलेल्या डॉक्युमेंटचा आयडी असतो, मजकूर नसतो. मुद्दाम काही तास मागे चालणारा सदस्य रेप्लिका सेटमध्ये ठेवता येतो आणि अशा वेळी तो खरंच वाचवतो. मात्र तो आधी नेमलेला असावा लागतो.

इथे आदल्या रात्रीचा डंप हाताशी होता, म्हणून निभावलं. अशा वेळी डंप थेट चालू डेटाबेसवर ओतायचा मोह होतो, तो आवरावा. कलेक्शन काढून त्या जागी डंप भरला तर अपघातानंतर लोकांनी टाकलेल्या नव्या नोंदीही जातात. डंप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडायचा, दोन्हींची तुलना करायची आणि नसलेल्या नोंदी तेवढ्या इकडे आणायच्या. डंपनंतर, पण अपघाताआधी आलेल्या नोंदी अर्थातच डंपमध्ये नव्हत्या. त्या रहिवाशांकडून पुन्हा मागवाव्या लागल्या आणि ती फोनाफोनी सगळ्यांत जड गेली.

अट कशी राखावी

मॉन्गूस वापरत असाल तर स्ट्रिक्ट-क्वेरीला ‘थ्रो’ हे मूल्य द्या. मग अनोळखी फील्ड गाळलं जात नाही, एरर येते. पुसताना गप्प बसणाऱ्या कोडपेक्षा आरडाओरडा करणारा कोड केव्हाही बरा.

यानंतरची पायरी म्हणजे कोडमध्ये डिलीट-मेनी थेट बोलवायचंच नाही. स्वतःचं एक छोटं फंक्शन ठेवा आणि सगळं पुसणं त्यातूनच जाऊ द्या. अट रिकामी असेल किंवा अटीतलं एखादं मूल्य आलेलंच नसेल, तर ते तिथेच थांबेल. न आलेलं मूल्य, म्हणजे जावास्क्रिप्टचं ‘अनडिफाइन्ड’, दोन वेगळ्या तऱ्हांनी घात करतं. ड्रायव्हर एरवी त्याचं ‘नल’ करतो, आणि नलची अट ते फील्ड नल असलेल्याच नव्हे तर ते फील्डच नसलेल्या नोंदींनाही लागू पडते. ‘अनडिफाइन्ड दुर्लक्षित करा’ ही सेटिंग चालू असेल तर ती अटच गळते आणि पुन्हा मोकळा कंस उरतो.

एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहक असतील तर प्रत्येक अटीत ग्राहकाचा आयडी हवाच. तो रिक्वेस्टमधून नव्हे, लॉगिनच्या सेशनमधून घ्यावा. रिक्वेस्टमधून येणारं मूल्य साधी स्ट्रिंग आहे का, तेही तपासा. एक्स्प्रेसच्या ४ थ्या आवृत्तीत पत्त्यातल्या चौकोनी कंसांचा मुळातच ऑब्जेक्ट तयार होतो. आयडीच्या जागी कोणी ‘याच्याखेरीज बाकी सगळे’ असा ऑपरेटर पाठवला आणि तुम्ही तो जसाच्या तसा अटीत ठेवला, तर पुढचं सांगायला नको.

एकच नोंद काढायची असेल तर डिलीट-वन वापरा. चुकलं तरी नुकसान एका नोंदीपुरतं राहील. अनेक काढायच्या असतील तर त्याच अटीने आधी मोजा. एका फ्लॅटच्या गाड्या काढताना शेकड्यांचा आकडा आला तर पुढे जायचंच नाही. मोजणं आणि पुसणं यांच्यामध्ये एखादी नोंद वाढू शकते हे खरं, पण आपण हिशेबाचा ताळा घेत नसून प्रमाण पाहतो आहोत. पुसून झाल्यावर परत आलेला आकडाही वाचा आणि लॉगमध्ये ठेवा. शून्य आलं तर डेटाबेसच्या लेखी ती एरर नसते. ड्रायव्हर थेट वापरताना ऑब्जेक्ट-आयडीच्या जागी स्ट्रिंग दिली की हमखास शून्य येतं, आणि वापरणाऱ्याला मात्र वाटतं नोंद गेली.

‘अवेट’ विसरण्याचंही असंच. मॉन्गूसची क्वेरी अवेट, देन किंवा एक्झेक मिळेपर्यंत चालतच नाही, त्यामुळे काहीच पुसलं जात नाही. ड्रायव्हरची थेट क्वेरी लगेच सुटते, त्यामुळे पुसलं जातं पण निकाल आणि एरर हातून निसटतात.

पुसण्याच्या आधीचं आणि नंतरचं

मॉन्गोडीबी परकीय की सांभाळत नाही. फ्लॅट गेला तरी त्याच्या तक्रारी, पावत्या, फोटो मागे राहतात. ते आवरणारा हुक प्रत्येक डॉक्युमेंटवर लिहिला असेल तर लक्षात ठेवा, डिलीट-मेनी तो प्रत्येक नोंदीसाठी चालवत नाही. संबंधित कलेक्शन्समधलं एकत्र काढायचं असेल तर ट्रान्झॅक्शन वापरा. रेप्लिका सेटवर ती मॉन्गोडीबी ४.० पासून उपलब्ध आहेत.

रोजच्या कामात खरं पुसण्याऐवजी ‘काढल्याची तारीख’ असं फील्ड भरावं आणि मुदतीनंतर टीटीएल इंडेक्सने नोंद आपोआप जाऊ द्यावी. मुदत संपलेल्या नोंदी काढणारं हे काम पार्श्वभूमीला दर ६० सेकंदांनी चालतं. फील्डमध्ये खरी तारीखच हवी. स्ट्रिंग ठेवली तर ती नोंद कधीच जात नाही. या पद्धतीची किंमत एवढीच की प्रत्येक वाचनात ‘न काढलेल्या’ ही अट सांभाळावी लागते. आणि माणसाने स्वतःची माहिती पुसायला सांगितली तर नुसती खूण करून भागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तो हक्क त्याला दिला आहे.

ज्या सर्व्हिसला पुसायचं कामच नाही, तिच्या डेटाबेस युजरला पुसण्याची परवानगी देऊ नका. मॉन्गोडीबीत ती वेगळी काढता येते. आणि पुसण्याच्या प्रत्येक टेस्टमध्ये किमान दोन सोसायट्या ठेवा. जे जायला हवं ते गेलं का, हे अर्धंच तपासणं झालं. जे राहायला हवं ते राहिलं का, हेही तपासावं लागतं.

हे सगळं एका आठवड्यात जमणार नाही. आज एवढं करता येईल : आपल्या कोडमध्ये डिलीट-मेनी शोधा आणि सापडलेल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, हे मूल्य आलंच नाही तर काय काय जाईल? उत्तर ‘काहीच नाही’ असं ठामपणे देता येत नसेल, तर दुरुस्ती त्या ओळीपासून सुरू करा.