वही लिहावी, नक्कल ठेवावी

तुम्हांला आता अक्षरे येतात. अंगठा गेला, सही आली. फार चांगले झाले. पण शिकलेले अक्षर म्हणजे विहिरीचा झरा. उपसा चालू असला, तर पाणी येत राहते. उपसा थांबला, की झरा गाळाने बुजतो. वर्ग संपला, पाटी माळ्यावर गेली आणि माणूस पुन्हा अंगठ्यावर आला, असे पुष्कळ ठिकाणी घडते. म्हणून रोज चार ओळी लिहाव्यात. त्यासाठी एक वही करावी.

“गुरुजी, आमच्या जिण्यात लिहिण्याजोगं काय हाय?” असे वर्गात नेहमी विचारतात. बाया विचारतात, बाप्ये विचारतात. याचे उत्तर एका शेतकरी बाईने देऊन ठेवले आहे.

बहिणाबाईंची गाणी

बहिणाबाई चौधरी यांचे माहेर आसोदे, सासर जळगाव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरची आणि शेतातली कामे करता करता त्या आपलीच गाणी रचून म्हणत. जाते, चूल, पेरणी, मोट, सासर, माहेर हेच त्यांचे विषय. म्हणजे तुमचेच विषय! त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातले एक आप्त यांनी त्यांतली काही गाणी वहीत उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. १९५२ साली पुस्तक छापले गेले. आज ती गाणी शाळेतली पोरे म्हणतात.

पण जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती त्या माउलीबरोबर गेली. ती आता कोठून आणायची? वहीत होते ते राहिले. एवढ्यावरून लिहिण्याचे मोल कळावे. बहिणाबाईंना दुसऱ्याच्या हाताने लिहून घ्यावे लागले. तुम्ही आपल्या हाताने लिहू शकता.

रोज काय लिहावे?

मोठे काही लिहायला नको. दिवसभरात जे घडले, त्यातले कामाचे आणि मनाला लागलेले लिहा. हा एक नमुना पाहा:

५ जून २०२५, गुरुवार.
सोयाबीनचे बी आणले. ३० किलोची एक पिशवी. रु. २,९०० (दोन हजार नऊशे).
कपिला गाय आज भरवली.
शेजारच्या भाऊंना रु. ५०० (पाचशे) उसने दिले. आषाढीला देतो म्हणाले.
आईने दळताना जुनी ओवी म्हटली. ती शेवटच्या पानावर लिहिली.

पाहा, थोड्याशा ओळींत किती काम झाले! गाय साधारण २८० दिवसांनी विते. म्हणजे कपिला १२ मार्चच्या सुमारास विणार. तारीख लिहिलेली आहे, म्हणून हिशेब करता आला. गाय आटवायची केव्हा, चाऱ्याची सोय करायची केव्हा, सगळे आधी समजते. पाचशे रुपयांवरून भाऊंशी वाद होणार नाही. आणि आईची ओवी नातवंडांना मिळेल.

लिहिताना पाच गोष्टी सांभाळा.
१. आधी तारीख, वार आणि साल लिहा. तारखेवाचून लिहिणे म्हणजे दाव्यावाचून गुरू.
२. पैशाचा आकडा अंकांत लिहा आणि अक्षरांतही लिहा.
३. पेन्सिल नको, शाईचे पेन घ्या. 
४. चुकले, तर त्यावर गिरवू नका. एक आडवी रेघ मारा आणि पुढे नीट लिहा.
५. बँकेचा पिन नंबर, पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी वहीत कधीही लिहू नका. वही दहा हातांत जाते.

आपली भाषा घरची आहे म्हणून लाजू नका. जसे बोलता, तसे लिहा. ऱ्हस्व-दीर्घ हळूहळू सुधारेल.

एक वही म्हणजे उघड्यावरचे धान्य

वही भरली. आता ती सांभाळायची कशी? कागदाला शत्रू फार. वाळवी लागते, उंदीर कुरतडतो, छप्पर गळते, चूल भडकते. मोठे संकट आले, तर विचारूच नका. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात घरेच्या घरे वाहून गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. अशा पुरात भांडी पुन्हा सापडतात, घासून घेता येतात. कागदाचा मात्र लगदा होतो.

जुन्या काळचे एक उदाहरण सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट नावाचे महानुभाव पंडित होऊन गेले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांना ठाऊक होत्या, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः जात, विचारत आणि लिहून घेत. त्यातून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला थोर ग्रंथ झाला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. पण आठवण कोणाची सारखी असते का? एकाला एक शब्द आठवला, दुसऱ्याला दुसरा. म्हणून आज या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ सापडतात. आपल्या वहीसाठी कोण एवढे कष्ट घेणार? म्हणून नक्कल आधीच करावी.

नक्कल कशी करावी?

मूळ वही घरात ठेवा. दुसरी नक्कल दुसऱ्या घरी ठेवा. बहिणीच्या गावी किंवा मामाकडे ठेवली तर उत्तम. दोन्ही वह्या एकाच ट्रंकेत ठेवल्या, तर ट्रंक बुडाली की दोन्ही बुडाल्या. एकाच टोपलीतली अंडी एकाच ठेचेला फुटतात.

नक्कल करायच्या तीन रीती आहेत.

पहिली, हाताने उतरून काढणे. वेळ लागतो, पण अक्षर वळणदार होते. पोरांनाही बसवा.

दुसरी, झेरॉक्स. दर तीन महिन्यांनी तालुक्याला जाल, तेव्हा भरलेली पाने तेवढी झेरॉक्स करून आणा.

तिसरी, मोबाइलवर फोटो. पान उजेडात सपाट ठेवा. चारही कोपरे दिसू द्या. फोटो मोठा करून अक्षर वाचता येते का, ते पाहा. मग तो शहरात असलेल्या मुलाला किंवा भाच्याला पाठवा. त्याला सांगा, “बाळ, नुसता बघू नको. तुझ्या मोबाइलात साठवून ठेव.” तुमचा मोबाइल विहिरीत पडला, तरी त्याच्याकडे राहील. जे कोणी वहीऐवजी मोबाइलातच लिहितात, त्यांनी तर हे जरूर करावे. त्यांचे मूळही मोबाइलात आणि नक्कलही मोबाइलात, असे होऊ नये.

आणखी एक सूचना. एटीएमची किंवा दुकानातली गुळगुळीत पावती उष्णतेने छापलेली असते. तिच्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात. अशा पावतीवरचे आकडे त्याच दिवशी वहीत उतरा. पावतीची झेरॉक्स घ्या.

नक्कल ताडून पाहा

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे नकलेवरून नक्कल होत गेली. उतरणाऱ्याचा डोळा चुकला, की शब्द बदलला. पुढचा माणूस ती चूक तशीच उतरी. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक पोथ्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत तयार केली.

नाथांचे हे काम आपणही लहान प्रमाणात करावे. एकाने मूळ वही मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवावे. ५०० चे ५० झाले असतील, तर तेथेच कळेल. नवरा-बायकोने, सासू-सुनेने, बाप-लेकीने मिळून हे काम करावे. दोघांचेही वाचन होते. वर्षातून एकदा दुसऱ्या घरची नक्कल काढून पाहावी. ती आहे ना, वाचता येते ना, याची खात्री करावी. मोबाइलातले फोटोही उघडून पाहावेत. न पाहिलेली नक्कल नसल्यासारखीच.

बंधुभगिनींनो, आपल्या आजी-आजोबांना पुष्कळ ठाऊक होते. कोणते बी कोणत्या जमिनीत येते, कोणत्या साली दुष्काळ पडला, विहीर किती परसांवर लागली. ते सारे त्यांच्याबरोबर गेले, कारण त्यांच्या हाती अक्षर नव्हते. तुमच्या हाती ते आहे. आज रात्री जेवणे झाली, की वही उघडा. वर तारीख घाला आणि पहिली ओळ लिहा.

अभ्यास
१. बहिणाबाईंची काही गाणी का राहिली? काही का गेली?
२. दोन्ही वह्या एका ट्रंकेत का ठेवू नयेत?
३. आजच्या दिवसाच्या चार ओळी लिहा. शेजाऱ्याकडून त्या ताडून घ्या.
४. तुमच्या वहीची नक्कल कोणाच्या घरी ठेवाल? त्यांचे नाव आणि गाव लिहा.