ईशानीच्या उशाशी कोण?

चि. अश्विनीस,

ईशानीचा बोन मॅरो तिच्या भावाशी, सोहमशी जुळला, आणि त्या रात्रीपासून तुझी झोप उडाली, असं लिहिलंस. साहजिक आहे. सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक. जुळलं नसतं तर प्रत्यारोपणाचा विषय कदाचित तिथेच मिटला असता. आता ‘हो’ की ‘नाही’ हे तुम्हाला म्हणायचं आहे.

तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते, त्या अनुभवावर चार गोष्टी सांगते. निर्णय तुमचाच.

सोहमच्या थॅलेसेमियावरून सासूबाई बोलतात ते कानाआड कर. आईवडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक खेपेला थॅलेसेमिया मेजर असलेलं मूल होण्याची शक्यता चारात एक असते. यात ना तुझा दोष, ना सुहासचा. मनात टोचणी असली की माणूस प्रायश्चित्त म्हणून निर्णय घेतो, आणि तो घाईचा होतो.

दोन्ही वाटा सारख्याच नजरेनं बघा. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, रोज लोह उतरवणारी गोळी, फेरिटिनवर नजर, हृदय-यकृताच्या तपासण्या: हे नेमानं सांभाळलेली मुलं शिकतात, नोकरीला लागतात, संसार करतात. प्रत्यारोपणानं हे रक्त चढवणं सुटू शकतं. पण त्याआधी कडक केमो, मग जंतुसंसर्गाची भीती. नवा मॅरो रुजेल किंवा नाही, कधी तो शरीरावरच उलटतो, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. वय लहान आणि यकृत चांगलं असताना यशाची आशा जास्त. म्हणजे ‘बघू पुढे’ म्हणण्यालाही किंमत आहे.

डॉक्टरांकडे जाताना वहीत प्रश्न लिहून न्या. जुळलेल्या भावंडाचा मॅरो घेऊन तुमच्याकडे किती मुलांचं प्रत्यारोपण झालं? किती आज रक्ताशिवाय आहेत? किती गेली? हा शेवटचा प्रश्न तुझ्या तोंडून निघणार नाही, तो सुहासला विचारू दे. टक्के सांगितले, तर ते जगण्याचे की रक्त सुटण्याचे, हेही विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून कुणी रागावत नाही. आणि घर गहाण टाकायच्या आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून आहे. ठरावीक रुग्णालयांत, अटींत बसणाऱ्यांना १० लाखांपर्यंत मदत मिळते.

आता ईशानी. तुझ्या चार पानी पत्रात तिचं नाव एकदाच आलं, तेही ‘जुळली’ म्हणून. वॉर्डात एका मुलीनं भावाला मॅरो दिला होता. सगळे तिला म्हणायचे, “तू भावाला वाचवणार.” तो गेला. महिन्याभरानं ती मला विचारत होती, “माझं रक्त खराब होतं का?” त्या लेकरापुढे मला शब्द सुचला नाही.

म्हणून ईशानीला खरं तेवढंच सांग. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मॅरो काढतात. काही दिवस दुखेल, काही आठवड्यांत भरून येईल. पुढचं काम डॉक्टरांचं, त्याचा हिशेब तिच्याकडे नाही. तिला भीती वाटली, तर वाटू दे. तिचे प्रश्नही वहीत लिही.

‘हो’ ठरलंच, तर त्या दिवशी सगळं घर सोहमच्या खोलीच्या काचेबाहेर उभं असेल. ईशानी शुद्धीवर येताना तिच्या उशाशी कोण, ते आधी ठरव. कुणी नसेल तर कळव, मी आदल्या दिवशीच येते.

तुझी,
मावशी