विनतेची दास्यमुक्ती

महाभारताच्या आदिपर्वात, कौरव-पांडवांचा वृत्तांत सुरू होण्यापूर्वी, नागांच्या आणि पक्ष्यांच्या काही फार जुन्या कथा आल्या आहेत. त्यांतच गरुडाची कथा आहे. गरुड जन्मला तेव्हा त्याची माता दासी होती. आणि ती दासी का झाली, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

कद्रू आणि विनता या दोघी बहिणी. दोघीही कश्यप ऋषींच्या पत्नी होत्या. एकदा प्रसन्न होऊन ऋषींनी त्यांना वर मागावयास सांगितले. कद्रूने एक हजार तेजस्वी नागपुत्र मागितले. विनतेने दोनच पुत्र मागितले. परंतु ते कद्रूच्या हजार पुत्रांहून बलाढ्य असावेत, असे तिने सांगितले. यथाकाल कद्रूला हजार आणि विनतेला दोन अंडी झाली. ती उबदार भांड्यांत पाचशे वर्षे जपून ठेवण्यात आली. नंतर कद्रूची अंडी फुटली व त्यांतून नाग बाहेर पडले. विनतेची अंडी मात्र जशीच्या तशीच राहिली. बहिणीभोवती खेळणारी मुले पाहून तिला धीर धरवेना. तिने एक अंडे स्वतःच्या हाताने फोडले.

आत पुत्र होता. पण त्याचे शरीर कमरेपर्यंतच घडले होते. तो संतापून म्हणाला, "आई, तुझ्या उतावळेपणामुळे मी अपुरा राहिलो. जिच्याशी तू स्पर्धा केलीस, तिचीच तू पाचशे वर्षे दासी होशील. आता दुसरे अंडे तरी फोडू नकोस. त्यातील पुत्र तुला सोडवील." एवढे बोलून तो आकाशात गेला व सूर्याचा सारथी झाला. पहाटे पूर्वेला जी तांबूस प्रभा दिसते, ती त्याचीच, असे मानतात. त्याचे नाव अरुण.

शाप खरा व्हावयास एक क्षुल्लक निमित्त पुरले. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा नावाचा दिव्य अश्व दोघी बहिणींच्या दृष्टीस पडला. "याचा रंग कोणता?" कद्रूने विचारले. विनता म्हणाली, "शुभ्र." कद्रू म्हणाली, "शरीर शुभ्र आहे खरे. पण शेपूट काळे आहे." पैज लागली. हरणारीने जिंकणारीची दासी व्हावे, असे ठरले. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन पाहावयाचे होते. त्या रात्री कद्रूने आपल्या पुत्रांना आज्ञा केली, "काळे केस होऊन त्या अश्वाच्या शेपटीला चिकटून राहा." काही नागांना हे कपट रुचले नाही. तेव्हा "तुम्ही जनमेजय राजाच्या यज्ञात जळून जाल," असा भयंकर शाप त्या मातेने आपल्याच मुलांना दिला. शापाच्या भयाने नागांनी आज्ञा पाळली. सकाळी शेपूट काळे दिसले, आणि विनतेने मान खाली घालून दास्य पत्करले.

पुढे काळ पूर्ण होताच दुसरे अंडे आपोआप फुटले. त्यातून गरुड प्रकट झाला. त्याचे तेज इतके प्रखर होते, की प्रत्यक्ष अग्नीच भडकला असे वाटून देव घाबरून गेले. पण असा हा महाबली पक्षी पहिले काम कोणते करू लागला? तो नागांचे ओझे वाहू लागला! एके दिवशी कद्रूला समुद्रातील एका रम्य बेटावर जावयाचे होते. विनतेने कद्रूला पाठीवर घेतले व तिच्या सांगण्यावरून गरुडाने नागांना घेतले. तेथे पोहोचून नागांनी यथेच्छ क्रीडा केली, आणि लगेच हुकूम सोडला, "आता आम्हांला दुसऱ्या एखाद्या बेटावर ने."

गरुड आईजवळ गेला. "माते, या नागांची आज्ञा मी का पाळावयाची?"

विनतेने त्याला पैजेची सारी हकीकत सांगितली. कपट झाले होते, हेही तिने सांगितले.

येथे गरुडाने जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. नागांवर झेप घालून त्यांचा तेथल्या तेथे नाश करणे त्याला अवघड नव्हते. पैज कपटाची होती, म्हणून ती मोडली असे म्हणणेही त्याला शक्य होते. परंतु त्याच्या आईने शब्द दिला होता, आणि ती तो पाळीत होती. गरुडाने नागांना एवढेच विचारले, "काय आणून दिले, किंवा कोणता पराक्रम केला, म्हणजे तुम्ही आम्हांला दास्यातून सोडाल?"

नाग म्हणाले, "आपल्या बळाने अमृत आणून दे."

अमृत स्वर्गात होते आणि त्याच्याभोवती देवांचा पहारा होता. बहुधा ते आणता येणार नाही, म्हणूनच नागांनी ते मागितले असावे.

विनतेने पुत्राला आशीर्वाद दिला. वाटेत गरुडाला भूक लागली, तेव्हा त्याने पिता कश्यप यांच्याकडे अन्न मागितले. एका सरोवराकाठी एक प्रचंड हत्ती व एक प्रचंड कासव नित्य झुंजत असत. पूर्वजन्मी ते सख्खे भाऊ होते. वडिलोपार्जित धनाच्या वाटणीवरून त्यांनी भांडण केले, परस्परांना शाप दिले, आणि तेच भांडण ते या जन्मीही पुढे चालवीत होते. कश्यपांनी दाखविल्याप्रमाणे गरुडाने एका पायात हत्ती व दुसऱ्या पायात कासव पकडले आणि तो एका अफाट वटवृक्षाच्या फांदीवर उतरला. त्या भाराने फांदी कडाडून मोडली. गरुड पाहतो तो त्या फांदीला वालखिल्य नावाचे अंगठ्याएवढे लहान ऋषी उलटे लोंबकळून तप करीत होते!

फांदी खाली पडती तर ऋषी चिरडले असते. गरुडाने ती चोचीत धरली. दोन्ही पायांत दोन महाकाय प्राणी, चोचीत योजने लांब फांदी, पोटात भूक. अशा स्थितीत तो कितीतरी वेळ आकाशात घिरट्या घालीत राहिला. टेकावयास जागा नव्हती. शेवटी कश्यपांनी विनंती केल्यावर ते ऋषी फांदी सोडून हिमालयाकडे निघून गेले. मग गरुडाने ती निर्जन पर्वतावर नेऊन टाकली व तेथे आपली भूक भागविली. पुढील साऱ्या युद्धप्रसंगांपेक्षा हा प्रसंग अधिक मोठा वाटतो.

स्वर्गातील युद्ध तर झालेच. गरुडाच्या पंखांनी उडालेल्या धुळीत देवांना काही दिसेनासे झाले. अमृताभोवती आगीच्या ज्वाळा होत्या. गरुडाने नव्वदगुणिले नव्वद, म्हणजे 8,100 मुखे धारण केली, नद्यांचे पाणी पिऊन आणले व आग विझविली. पुढे धारदार पात्यांचे एक लोखंडी चक्र अखंड फिरत होते. मघाशी एवढा विराट झालेला गरुड आता अगदी सूक्ष्म झाला आणि चक्राच्या आऱ्यांमधून आत शिरला. चक्राखाली दोन सर्प पापणी न लवविता पहारा देत होते. ज्याच्यावर त्यांची दृष्टी पडे, तो जळून भस्म होई. गरुडाने त्यांच्या डोळ्यांत धूळ उडविली, त्यांना ठार केले व अमृत घेऊन तो उडाला. त्यातील एक थेंबही त्याने चाखला नाही. ते त्याच्या आईचे मोल होते.

हा निर्लोभपणा पाहून विष्णूने त्याला अमृतावाचूनच अमर केले व आपले वाहन होण्यास सांगितले. इंद्राने मात्र त्याच्यावर वज्र फेकले. हे वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे. गरुडाला काही इजा झाली नाही. तरीही ऋषींचा व इंद्राचा मान राखावा म्हणून त्याने आपले एक पीस आपणहून गळू दिले. ते सुंदर पीस पाहून सर्वांनी त्याला 'सुपर्ण' हे नाव दिले. इंद्राने मैत्री मागितली व अमृत परत मागितले. गरुड म्हणाला, "मी हे कोणालाही पिऊ देणार नाही. मी जेथे ठेवीन तेथून ते तू तत्काळ घेऊन जा."

गरुडाने नागांसमोर दर्भांवर अमृत ठेवले. "तुम्ही सांगितलेत तसे मी केले आहे. स्नान करून, शुचिर्भूत होऊन ते प्राशन करा. आजपासून माझी माता दासी नाही." नाग म्हणाले, "तथास्तु." ते स्नानाला गेले आणि इंद्राने अमृत उचलून नेले. परत आलेल्या नागांनी निदान दर्भाला लागलेला अंश मिळावा म्हणून दर्भ चाटले. त्याच्या धारेने त्यांच्या जिभा चिरल्या. (साप दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंधाचे कण टिपतो, हे आज शास्त्राने सिद्ध झाले आहे, प्राचीनांनी त्याच जिभेची कथा रचली.)

नागांची ही फसवणूक झाली काय? कपटाला कपटाने उत्तर मिळाले, असे काहींना वाटेल. गरुडाने अमृत आणून देण्याचे कबूल केले होते, आणि ते आणून दिले. शब्दशः पाहता त्याचे वचन पुरे झाले. तरीपण मातेच्या शापाला भिऊन कपटात सामील झालेल्या नागांविषयी मनात थोडी कणव राहतेच.

ही कथा समुद्र ओलांडून फार दूर गेली. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास जावा बेटात आदिपर्व तेथील जुन्या भाषेत उतरले. त्याच बेटाच्या पूर्व भागात, मलांग या गावाजवळ, किदल येथे तेराव्या शतकात अनुषपती राजाच्या स्मरणार्थ दगडी मंदिर बांधण्यात आले. दीर्घकाळ डच सत्तेखाली राहिलेल्या इंडोनेशियाने 17 ऑगस्ट 1945 रोजी स्वातंत्र्य घोषित केले, आणि 1950 साली गरुड हेच राष्ट्रचिन्ह स्वीकारले. त्या चिन्हातील गरुडाच्या प्रत्येक पंखाला 17, शेपटीला 8 आणि मानेवर 45 पिसे आहेत.

किदलच्या मंदिराच्या पायथ्याला गरुडाची तीन शिल्पे कोरलेली आहेत. एकात त्याच्या अंगावर मोठमोठे सर्प आहेत. दुसऱ्यात त्याच्याजवळ अमृताचा कुंभ आहे. तिसऱ्यात सर्पही नाहीत, कुंभही नाही. त्याने आपल्या आईला उचलून घेतले आहे.