विश्वासू प्रेषकांची यादी

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ई-मेलच्या बाबतीत तिचा प्रत्यय वारंवार येतो. नको असलेले टपाल, म्हणजेच स्पॅम, अडविण्यासाठी मेल सर्व्हरवर एक फिल्टर बसविलेला असतो. तो पुष्कळ चोर पकडतो, पण अधूनमधून एखादा संन्यासीही पकडतो. असे होऊ नये म्हणून विश्वासू प्रेषकांची एक यादी ठेवतात. तिला व्हाइटलिस्ट म्हणतात. ही यादी कशी चालते आणि तिच्यात नाव घालताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली. त्रुटीपूर्ततेचे पत्र ई-मेलने आले, ते स्पॅमच्या कप्प्यात पडून राहिले आणि मुदत टळून गेली. ज्यांच्या घरी शिकलेली माणसे आहेत, त्यांना ‘तो कप्पाही उघडून पाहा’ असे कोणीतरी सांगते. माझ्यासारखे जे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढले, त्यांना हे सांगणारे कोणी नसते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

स्पॅमची कथा जुनी आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेत, अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावर, गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचविण्याचे नियम लिहिले. पाठविणारा खरोखर तोच आहे का, हे पडताळण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून आपण कोणाचेही नाव लिहिले, तरी पोस्टमन हरकत घेत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आता फिल्टर काय करतो ते पाहू. उदाहरणादाखल स्पॅमअसॅसिन हा विनामूल्य मिळणारा फिल्टर घेऊ. तो परीक्षकासारखा प्रत्येक पत्राला गुण देतो. संशयास्पद शब्द, खोटा वाटणारा मार्ग, बदनाम सर्व्हर, यांचे वेगवेगळे गुण असतात. मूळ मांडणीत बेरीज ५ झाली की पत्र स्पॅम ठरते. म्हणजे येथे गुण जास्त तो नापास! यादीतल्या प्रेषकाला मात्र एकदम वजा १०० गुण मिळतात. समजा, एखाद्या पत्राला इतर कसोट्यांवर २० गुण पडले. तरी बेरीज वजा ८० होते आणि पत्र सुखरूप आत येते. २०२२ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत या यादीचे नाव बदलून ‘वेलकमलिस्ट’, म्हणजे स्वागतयादी, असे करण्यात आले. पण गुणांचा हिशेब तोच राहिला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. आपण विश्वास नेमका कशावर ठेवला? माणसावर, की त्याच्या नावाच्या अक्षरांवर? साध्या प्रकारच्या यादीत फिल्टर पत्रावर लिहिलेला प्रेषकाचा पत्ता तेवढा पाहतो. तो पत्ता कोणालाही लिहिता येतो. एखाद्या महाविद्यालयाने आपल्याच सर्व पत्त्यांना अशा यादीत घातले, तर प्राचार्यांच्या नावाने खोटे पत्र पाठविणाऱ्या ठकालाही ते वजा १०० गुण आयते मिळतील. संन्याशासाठी उघडलेल्या दारातून भगवी वस्त्रे नेसलेला चोर आत यावा, तशातलाच हा प्रकार.

यावर उपाय आहेत. एका प्रकारात पत्त्याबरोबर, पत्र कोणत्या सर्व्हरकडून आले, हेही जुळावे लागते. दुसऱ्या प्रकारात पुराव्याची मागणी असते. एसपीएफ (२००६) या पद्धतीत संस्था आपले टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघते हे जाहीर करून ठेवते. डीकेआयएम (२००७) या पद्धतीत पत्रावर गणिती सही असते. मजकुरात फेरफार झाला की ती सही जुळत नाही. डीमार्क (२०१५) ही पद्धत या पुराव्यांची सांगड वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या पत्त्याशी घालते.

मराठी वाचकाला हे मुळीच परके नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, हा तिचा अर्थ. तिला मोर्तब म्हणत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो. पत्र कोणाचे आणि मजकूर तोच आहे का, हे दोन्ही प्रश्न तेव्हाही होते. आज त्यांची उत्तरे गणिताने दिली जातात.

तेव्हा यादी करणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. नाव घालताना पुराव्याची अट ठेवावी. होता होईल तो एकच पूर्ण पत्ता घालावा; लाखो लोक वापरतात अशा सेवेचे सगळे पत्ते घालणे म्हणजे साऱ्या गावाला घराची किल्ली देणे होय. यादीतल्या प्रेषकाचेही जोडपत्र व्हायरससाठी तपासावे. वर्षातून एकदा यादी चाळून निरुपयोगी नावे काढावीत. कारण ओळखीच्या माणसाचा पासवर्ड चोरीला गेला, तर सही खरी असूनही पत्र खोटे असू शकते.

सर्व्हरची किल्ली आपल्या हाती नसते, हे खरे. पण अर्ज भरल्यावर स्पॅमचा कप्पा आठवड्यातून दोनदा तरी पाहणे, पत्र खरे असल्याची कार्यालयात खात्री करून घेऊन ‘स्पॅम नाही’ अशी खूण करणे आणि तो पत्ता जपून ठेवणे, एवढे आपल्याला करता येते. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी नव्याने आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलांना प्रवेशाच्या दिवसांतच सांगावे. शिष्यवृत्तीची मुदत कोणासाठी थांबत नाही.